अठराव्या वाढदिवसाआधी: अंगावर येणाऱ्या मुलाच्या हाती सूत्रं कशी द्यायची

आधी एक हिशेब करा. मुलाचा अठरावा वाढदिवस किती महिन्यांवर आहे, तो आकडा कागदावर लिहा. वर्षांत नको, महिन्यांतच लिहा. मी लिहिला तेव्हा एकोणीस निघाले आणि पोटात खड्डा पडला. तोवर मी या भ्रमात होते की आज नाही ऐकलं तर पुढच्या वर्षी ऐकेल.

जगातल्या बहुतेक देशांत अठरा पूर्ण झाली की माणूस कायद्याने सज्ञान होतो. दक्षिण कोरियात हे वय 19 आहे; जपानमध्ये 20 होतं, ते एप्रिल 2022 पासून 18 झालं. आकडा कुठलाही असो, त्या दिवसानंतर अर्जावर पालकाची सही लागत नाही आणि करारावर त्याची एकट्याची चालते. मेंदूला मात्र ही तारीख ठाऊक नसते. धोका तोलणं, राग आवरणं, उद्याचा विचार आज करणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. भावना आणि मजेची ओढ सांभाळणारे भाग त्याच्या कितीतरी आधी जोरात कामाला लागलेले असतात. कायदा ज्याला पूर्ण माणूस म्हणतो, त्याच्या डोक्यातलं बांधकाम अजून चालूच असतं.

आपला ताबा तर जाणारच आहे. उरलेल्या महिन्यांत तो थोडा थोडा स्वतः सोपवायचा, की शेवटपर्यंत मूठ आवळून बसायचं आणि एका झटक्यात हिसकावून घेऊ द्यायचा, एवढंच ठरवायचं उरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या पहिल्या मार्गाच्या आहेत. (लिहिताना ‘मुलगा’ म्हणतेय, कारण माझ्या घरी मुलगा होता. मुलीच्या बाबतीत रागाचे शब्द बदलतात, बाकी फारसं बदलत नाही.)

पहिली पायरी: आडमुठेपणा आहे की दुखणं, हे आधी पाहा

ही पायरी गाळून थेट नियमांवर जाऊ नका. आयुष्यात पुढे मानसिक आजार होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश लोकांत चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असं मोठ्या पाहण्यांत दिसलं आहे. म्हणजे नेमक्या याच वयात. आणि या वयातलं नैराश्य रडवेलं दिसेलच असं नाही. पुष्कळदा ते चिडचिड होऊन बाहेर पडतं. सारखा वसकन अंगावर येणारा मुलगा आतून खचलेला असू शकतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, वजन किंवा स्वच्छता बिघडली असेल, पूर्वी जीव की प्राण असलेली गोष्ट अचानक सोडून दिली असेल, आवडत्या वस्तू तो वाटून टाकत असेल, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालत असेल, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. लहानपणापासून ‘हुशार आहे पण आळशी’ हा शेरा मिळत आला असेल तर एकाग्रतेची किंवा शिकण्यातली अडचण तपासून घ्या. पंधरा-सोळा वर्षं निदानाविना गेलेली मुलं असतात, आणि ‘आपण मुळातच वाईट आहोत’ हे त्यांना एव्हाना पटलेलं असतं.

मरणाविषयी शंका आली तर आडवळणाने नको, सरळ विचारा: “जगणं नको, असं वाटतं का तुला? काही करायचं ठरवलं आहेस का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे, उलट कुणीतरी विचारलं याचाच बऱ्याचदा आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, उपदेश नको, एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू हलवा आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्या.

आणखी एक साधी गोष्ट आपण विसरतो, ती म्हणजे झोप. 13 ते 18 वयाला दिवसाला 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे दहा वाजता त्याला खरोखरच झोप येत नाही. सकाळी शाळा मात्र जुन्याच वेळेला. रोज दोन-तीन तास कमी झोपलेल्या कुणाशीही सकाळी सात वाजता भांडून पाहा. माझा अनुभव असा की घरातली एकतृतीयांश कटकट ही निव्वळ झोपेची उधारी असते. सकाळी सातला वाद घालायचा नाही, एवढा एकच नियम आधी स्वतःला लावा.

दुसरी पायरी: आठवडाभर भांडणांची वही ठेवा

काहीही बदलायला जाऊ नका, फक्त लिहा. कधी, कशावरून, पहिलं वाक्य कुणाचं, संपलं कसं. एका भांडणाला एक ओळ. वही मुलाच्या हाती लागू देऊ नका.

माझ्या वहीत आठवड्याच्या शेवटी तेवीस नोंदी होत्या. सात खोलीतल्या पसाऱ्यावरून, पाच केसांवरून आणि कपड्यांवरून, चार ‘कसा बोलतोस’ यावरून, पाच फोन आणि आंघोळ. जिवाशी किंवा भविष्याशी खरंच संबंध असलेल्या फक्त दोन: एकदा तो न सांगता रात्री दीडला आला, एकदा सलग तिसऱ्या दिवशी कॉलेजला गेला नाही. आणि तेवीसपैकी सतरा वेळा पहिलं वाक्य माझं होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, बरेच दिवस.

आता नोंदी तीन गटांत टाका. पहिला: जीव, शरीर, कायदा, दुसऱ्याला इजा. इथे निर्णय आपला, आणि तो ठाम. दुसरा: घरात सगळ्यांना एकत्र राहायचं आहे म्हणून ज्यात मध्यम मार्ग काढावा लागतो, म्हणजे घरी यायची वेळ, कामाची वाटणी, आवाज, पैसे. तिसरा: त्याचं स्वतःचं, म्हणजे केस, कपडे, खोली, संगीत, कुणाशी मैत्री करावी, कुठला विषय आवडावा. तिसऱ्या गटावर आजपासून बोलायचं नाही. टोमणा नाही, उसासाही नाही. खोलीचं दार लावून घ्या. कुजकं अन्न आणि उंदीर दुसऱ्या गटात येतात, पसारा येत नाही.

बहुतेक आईबाप इथे अडतात. ‘हे सोडलं तर ते डोक्यावर बसेल,’ असं वाटतं. घडतं वेगळंच. दिवसात पंधरा वेळा ‘नको’ ऐकणाऱ्याला सोळावं ‘नको’ ऐकूच येत नाही. बारा ‘नको’ काढून टाका, मग उरलेल्या तिनांना वजन येतं.

तिसरी पायरी: भांडणाचं चक्र कुठे फिरतं ते ओळखा

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं घराघरांतली भांडणं जवळून पाहिली आणि एक साखळी मांडली. आई काही सांगते. मुलगा कुरकुरतो. आई पुन्हा सांगते, आवाज चढतो. मुलगा किंचाळतो, दार आपटतो. आई थकून म्हणते, “जा, कर काय करायचं ते.” शांतता. या शांततेत दोघेही काहीतरी शिकले. मुलगा शिकला की पुरेसा आरडाओरडा केला की काम टळतं. आई शिकली की माघार घेतली की डोकं शांत राहतं. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून उद्या पुन्हा तेच, आणि दर खेपेला सुरुवातच थोडी वरच्या पट्टीतून. कधी उलटं होतं: आईबाप इतके भडकतात की मुलगा दबकतो, मग तेही शिकतात की ओरडल्याशिवाय चालत नाही.

चक्र मोडायची रीत सांगायला सोपी, करायला महाकठीण. सांगायचं ते एकदाच, एका वाक्यात, जवळ जाऊन, आणि मग तिथून निघायचं. स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत. “आठ वाजेपर्यंत भांडी झाली पाहिजेत,” एवढंच बोला आणि चालू लागा. तो पुटपुटेल. ते पुटपुटणं तिसऱ्या गटातलं आहे. आठ वाजता भांडी झाली नाहीत तर आधी ठरलेला परिणाम लागू होतो, भाषणाशिवाय.

भडका उडालाच, तर तेल अवीवचे हायम ओमेर नावाचे मानसशास्त्रज्ञ पालकांना जे शिकवतात ते कामाचं आहे. लोखंड तापलं असताना घाव घालावा म्हणतात. ते सांगतात, थंड होऊ द्या, मग घाला. त्या क्षणी फक्त म्हणा: “हे मला मान्य नाही. आत्ता बोलणार नाही. उद्या संध्याकाळी बोलू.” आणि बाहेर जा, पाणी प्या, गच्चीत जा. यातला निम्मा अर्थ दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळीत आहे. तुम्ही खरंच गेलात, शांतपणे बसलात आणि कालचा विषय काढलात, तर मुलाला कळतं की काल माघार नव्हती. नाही गेलात, तर ती माघारच होती.

घरात दोन पालक असतील तर आधी एकमेकांत बोलून घ्या. एक कडक आणि एक मऊ, ही जोडी मुलाला खूप सोयीची पडते, आणि दोघेही आपापल्या टोकाकडे आणखी सरकत जातात: तू इतका कडक, म्हणून मला मऊ व्हावं लागतं; तू इतकी मऊ, म्हणून मला कडक. सगळ्यावर एकमत होणार नाही. पहिल्या गटातल्या दोन-तीन गोष्टींवर झालं तरी पुरे.

चौथी पायरी: तो आपणहून सांगेल, अशी सोय करा

सन 2000 मध्ये स्वीडनमधल्या हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर या संशोधकांनी एक जुनी समजूत उलटी केली. ज्या पालकांना मुलांचं सगळं माहीत असतं त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीच दिसलं होतं; त्यावरून सगळे म्हणायचे, लक्ष ठेवा. या दोघांनी पाहिलं की पालकांना जे माहीत असतं ते मुख्यतः कुठून येतं. लक्ष ठेवण्यातून फारच थोडं येत होतं. सर्वांत जास्त मुलाने आपणहून सांगण्यातून.

याचा व्यवहारातला अर्थ असा: चोरून फोन तपासण्यात घालवलेला तास बहुधा वाया जातो, आणि पकडले गेलात तर उलटा पडतो. जिवाला धोका असल्याचा ठोस संशय असेल तर वेगळं. तेव्हा तपासा, पण ‘मी तपासणार आहे’ असं सांगून तपासा. एरवी मेहनत घ्यायची ती खरं सांगणं त्याला महाग पडू नये यासाठी. सोळा वर्षांचा मुलगा मनात हिशेब करतो: मागच्या वेळी खरं सांगितलं तेव्हा काय झालं? दोन तासांचं प्रवचन झालं असेल, तर या वेळी तो खोटं बोलेल. तो लबाड आहे म्हणून नव्हे, त्याला गणित येतं म्हणून.

कसं बोलायचं याच्या काही गोष्टी मला चुकत चुकत सापडल्या. समोरासमोर बसून ‘आपल्याला बोलायचं आहे’ म्हणू नका. ती चौकशी वाटते. गाडीत, चालताना, काहीतरी निवडताना-आवरताना, जिथे नजर दुसरीकडे असते तिथे तोंड उघडतं. रात्री अकरानंतर तो स्वयंपाकघरात घुटमळला तर झोप आलेली असली तरी थांबा. ‘का केलंस?’ हा प्रश्न आरोपीला विचारतात; त्याऐवजी ‘मग काय झालं?’ विचारा. आणि तो जे म्हणाला तेच आपल्या शब्दांत परत म्हणा. “मास्तर मुद्दाम मलाच उठवतात,” असं तो म्हणाला, तर आपल्या जिभेवर आलेलं असतं, “तूच काहीतरी केलं असशील.” गिळा. म्हणा, “सगळ्यांसमोर उठवलं म्हणजे लाज वाटली असणार.” बहुतेक वेळा पुढच्या दोन मिनिटांत तो स्वतःच सांगतो की आपण मागच्या बाकावर काय करत होतो.

आठवड्यातून वीस मिनिटं तरी अशी हवीत की ज्यात अभ्यास, भविष्य आणि सुधारणा यातलं काहीही येणार नाही. त्याचा गेम शिकवायला सांगा. तुम्ही हराल. तेच हवं आहे.

पाचवी पायरी: एका वेळी एकच गोष्ट सोपवा

आता उरलेले महिने परत काढा. प्रौढ माणसाला जे जे स्वतः करावं लागतं त्याची यादी लिहा: उठणं, कपडे धुणं, चार पदार्थ करता येणं, महिन्याचे पैसे पुरवणं, डॉक्टरची वेळ घेणं, फॉर्म भरणं, कागदपत्रं सांभाळणं, प्रवास ठरवणं, ‘नाही’ म्हणणं, माफी मागणं. महिन्याला एक या हिशेबाने वाटा. सोपवण्याचा क्रम साधा आहे: एकदा मी करते, तू बघ, मग दोघं मिळून, मग तू कर, मी बघते, मग तू कर, मी बघत नाही. शेवटची पायरी आईबापांना जमत नाही. आम्ही दाराआडून बघतच असतो.

उठण्यापासून सुरू करा, कारण तिथला परिणाम लवकर दिसतो आणि फार महाग नसतो. सांगा: “पुढच्या सोमवारपासून मी उठवणार नाही. गजराचं घड्याळ हवं असेल तर आणू.” आणि उठवू नका. तो दोन-तीनदा उशिरा जाईल, बोलणी खाईल. आपण चिठ्ठी लिहून वाचवायचं नाही आणि ‘बघ, सांगितलं होतं’ असंही म्हणायचं नाही. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे. आपण टोमणा मारला की त्याचा राग उशिरावरून आपल्यावर सरकतो आणि धडा वाया जातो.

पैशांचं तसंच. सुट्टे पैसे मागेल तेव्हा देणं बंद करा. महिन्याची ठरलेली रक्कम द्या आणि कुठला खर्च त्यातून करायचा ते लिहा: फोन, प्रवास, कपडे, मित्रांबरोबरचं खाणं. पहिल्या महिन्यात ती बारा तारखेला संपेल. उरलेले अठरा दिवस घरचं जेवण आणि पायी प्रवास. उसने देऊ नका. सोळाव्या वर्षी अठरा दिवस कोरडे काढलेले बरे; ही चूक पंचविशीत कर्ज काढून करण्यापेक्षा इथे स्वस्त पडते.

अर्थात, सगळं असं पडून शिकायला सोडता येत नाही. वाहन हे त्यातलं पहिलं. 2005 मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळावर एक प्रयोग केला. एकटं असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांपेक्षा फारसा जास्त धोका पत्करत नव्हती. शेजारी दोस्त बसवले की तीच मुलं कितीतरी जास्त धोका घेऊ लागली. मोठ्यांवर दोस्तांचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून ‘माझा मुलगा सावकाश चालवतो’ हे तुमच्यासोबत बसल्यावरचं निरीक्षण फसवं आहे. अनेक ठिकाणी नव्या तरुण चालकांना सुरुवातीचे महिने सोबती बसवण्यावर आणि रात्री चालवण्यावर बंधन असतं. तुमच्याकडे कायद्यात नसलं तरी घरात असू द्या: परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने गाडीवर मित्र नाहीत. आणि एक कायमचं वचन द्या, पाळा: “प्यायलेला असशील किंवा चालवणारा प्यायलेला असेल, तर कधीही फोन कर. मी येईन. त्या रात्री एक शब्दही विचारणार नाही.” दुसऱ्या दिवशी विचारा.

सहावी पायरी: थोडं लेखी ठेवा

दुसऱ्या गटातल्या गोष्टी तोंडी ठरल्या की दोघांना दोन वेगळ्या आठवतात. म्हणून एक पानभर लिहा, जास्त नको. बैठक शांत वेळी, पाऊण तासाची, आणि पहिला मसुदा त्याला करू द्या. तो अशक्य मागण्या लिहील. हरकत नाही, तिथून खाली येता येतं. आमच्या पहिल्या पानावर साधारण असं होतं: सुट्टीच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत घरी. उशीर होणार असेल तर आधी निरोप. निरोपाशिवाय उशीर झाला तर पुढच्या वेळी साडेदहा. फोन रात्री बाराला बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचे. आईने खोलीत शिरताना दार वाजवायचं. बाबांनी पाहुण्यांसमोर मार्क काढायचे नाहीत.

शेवटच्या दोन ओळी त्याच्या. त्या असल्यामुळेच वरच्या टिकल्या. ज्या पानावर फक्त मुलाची बंधनं असतात तो करार नसतो, ती नोटीस असते.

परिणाम ठरवताना तीन गोष्टी बघा: लहान, लवकर, आणि संपणारा. ‘महिनाभर फोन बंद’ म्हणालात की चौथ्या दिवशी त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही आणि तुमच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही. एक संध्याकाळ पुरते. पानाच्या तळाशी फेरविचाराची तारीख घाला, सहा आठवड्यांनंतरची, आणि पाळलं असेल तर मोकळीक वाढवा. अटी फक्त आवळत जाणारं पान तो तिसऱ्या खेपेला वाचणारही नाही.

सातवी पायरी: गोष्टी हाताबाहेर गेल्या तर

मारहाण. मुलगा आईबापांवर हात टाकतो किंवा वस्तू फोडतो, हे घरं लपवतात, आणि लपवण्यानेच ते वाढतं. त्या क्षणी अडवू नका, धरू नका, दार सोडा, लहान भावंडांना घेऊन बाहेर पडा. जीव धोक्यात वाटला तर पोलिसांना बोलवा. त्यात मुलाशी द्रोह नाही. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, घराबाहेरच्या दोघा-तिघांना सांगा: मामा, काका, जुने शिक्षक, त्याला ज्यांच्याबद्दल आदर आहे असं कुणीही. त्यांनी येऊन दम द्यायचा नाही. “काल काय झालं ते आम्हाला कळलं. तू आम्हाला हवा आहेस. हे मात्र चालणार नाही,” एवढंच म्हणायचं. ओमेर यांच्या पद्धतीत ही माणसं फार महत्त्वाची आहेत. गुपित उघडं पडलं की त्याचा जोर ओसरतो.

नशा. नशेत असताना चर्चा करू नका. श्वास आणि शुद्ध बघा, कुशीवर झोपवा. उठवूनही उठत नसेल किंवा श्वास मंद पडला असेल तर दवाखाना. बोलणं दुसऱ्या दिवशी. पहिल्यांदा सापडला म्हणजे व्यसनी झाला असं नाही, पण जितक्या लहान वयात सुरुवात, तितका पुढे व्यसनाचा धोका जास्त, हे पक्कं आहे. तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. उधाऱ्या फेडू नका, कॉलेजला खोटी कारणं देऊ नका. तो मदत घ्यायला तयार नसला तरी तुम्ही स्वतः समुपदेशकाकडे जा. घरच्यांनी वागणं बदललं की काही काळाने माणूस उपचाराला तयार होतो, असं व्यसनाच्या क्षेत्रात बऱ्याचदा दिसतं.

चोरी. रक्कम, वस्तू, तारीख सांगा. “तू घेतलेस का?” असं विचारून खोटं बोलायची संधी देऊ नका, माहीत असेल तर “तू घेतलेस, हे मला माहीत आहे” इथून सुरू करा. परतफेड हप्त्याने, कामाने. आणि पाकीट कुलपात.

घर सोडून गेला तर पहिल्या तासात त्याच्या मित्रांना फोन, आणि ठावठिकाणा लागत नसेल तर वाट न बघता तक्रार. परत आला की पहिलं वाक्य, “जेवलास का?” बाकी उद्या.

एक गोष्ट मध्येच सांगते, कारण ती कुठल्याच पायरीत बसत नाही. घरात दुसरं मूल असेल तर ते या सगळ्यात गुपचूप शहाणं होतं. ते त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. माझी धाकटी एकदा म्हणाली, “मी पण दार आपटलं तर माझ्याशी बोलशील?” तिच्यासाठी मी दर रविवारची सकाळ काढून ठेवली, उशिरानेच.

आठवी पायरी: आपली चूक झाली तर

होणारच. ओरडाल, नको ते बोलाल, त्याच्या बापाशी किंवा आत्याशी तुलना कराल. माफी मागा, आणि ‘पण’ न लावता मागा. “काल मी तुला निकम्मा म्हणाले. ते चूक होतं.” पूर्णविराम. ‘पण तूही’ जोडलंत की ती माफी राहत नाही. यात पालकाचा दरारा जातो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात माझ्या मुलाने आयुष्यातली पहिली धड माफी मागितली ती माझ्याच वाक्यरचनेत.

नववी पायरी: अठरानंतर तो घरातच असेल तर

वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात बसून बोलून घ्या. आता तुम्ही त्याला वाढवत नाही, तुम्ही एका घरात राहणारी मोठी माणसं आहात. ‘किती वाजता येणार?’ हा प्रश्न राहील, पण परवानगीसाठी नाही, दाराला कडी लावायची की नाही यासाठी. घराचे नियम घरातल्या सगळ्यांना सारखे: मारहाण नाही, घरात अमली पदार्थ नाहीत, कामात वाटा. शिक्षण किंवा नोकरी, दोन्हींपैकी काहीच नसेल तर किती महिने आणि कुठल्या अटीवर खर्च करणार, तो आकडा स्पष्ट सांगा.

“घरातून चालता हो,” हे वाक्य तोंडात आणायचं असेल तर ते खरं करायची तयारी असल्यावरच. आठवड्याला एकदा दिलेली ही धमकी त्याला फक्त एवढंच शिकवते की तुमचं बोलणं पोकळ आहे. आणि खरोखर तशी वेळ आली, घरातल्या इतरांच्या सुरक्षिततेसाठी त्याने वेगळं राहणंच बरं असं ठरलं, तर तारीख द्या, राहण्याची सोय बघायला मदत करा. आणि पैसे बंद केले तरी बोलणं बंद करू नका. “रोख मिळणार नाही. जेवायला कधीही ये,” ही दोन वाक्यं एकत्र म्हणता येतात.

वाढदिवसाला एक फाइल द्या. तिच्यात जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद, गुणपत्रिका, ओळखपत्रांच्या प्रती, बँकेचे कागद. एका पानावर त्याचा रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, लहानपणी झालेली आजारपणं आणि ऑपरेशनं, आईबापांकडचे रक्तदाब-मधुमेहासारखे आजार, आणि अडचणीत रात्री फोन करता येईल अशा चार माणसांचे नंबर, ज्यांतले दोन तरी तुमचे नसावेत. हे सगळं आजवर आपल्या डोक्यात होतं. ते त्याच्या हातात जाऊ द्या. पूर्ण फाइलची एक झेरॉक्स मात्र कपाटात ठेवा, कारण पहिली तो वर्षभरात हरवणार आहे.